हाली का कलदार

हुमनाबाद, गुरुवार

हुमनाबादच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, सतरा पानांचे हस्तलिखित भाषण आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या. खोकला मला झाला नव्हता. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की माझा घसा बसतो, आणि एकतीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवूनही ही सवय सुटलेली नाही. निवृत्तीनंतर मी लेख लिहू लागलो. लिहिताना समोर कोणी नसते, ही सोय मला फार उशिरा कळली. त्यांपैकी एक लेख देशांवरील कर्ज आणि घसरणारे चलन यांविषयी होता. तो इकडच्या शिवराज अण्णांच्या वाचनात आला आणि त्यांनी पुण्याला फोन करून मला बोलावले. नकाराचे वाक्य मी मनात जुळवीत होतो, तोवर त्यांनी वार आणि वेळ ठरवून टाकली होती.

शिवराज अण्णा जवळच्याच हळ्ळीखेड (बी) गावचे. बी-बियाण्यांचे दुकान, थोडी शेती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि हुमनाबादमधल्या एका लहानशा मराठी वाचनालयाचे चिटणीसपद. एका वाक्यात मराठी सुरू करून ते कन्नडमध्ये संपवीत, आणि त्यांच्या फोनवर पलीकडचा माणूस नेमके उलटे करीत असे. पुणे-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो. वाचनालयाच्या एका अंगाला टायर दुरुस्तीचे दुकान आहे, दुसऱ्या अंगाला ढाबा. दारावर मीच सुचवलेले शीर्षक रंगवलेले होते : ‘चलनाचे संकट : कारणे आणि परिणाम’.

तीसेक माणसे आली होती. पुढे निवृत्त शिक्षक, मागे सात-आठ धिप्पाड, दाढीवाले गृहस्थ. त्यांच्या हातांत घडी घातलेले कागद होते. टिपणे काढायला कागद घेऊन आले आहेत, असे समजून मला मनातून बरे वाटले. तिसऱ्या पानावर असताना त्यांच्यातले एक उठले. रशीदभाई, स्वतःच्या चार लॉऱ्या असलेले.

“साब, एक मिनट. चलन का बोल रहे ना तुम? ये देखो, मेरी गाडी खाली खडी थी, तो भी चलन आया. ये माफ होता क्या नै होता?”

बाकीच्यांनीही आपापले कागद उघडले. सगळ्या वाहतूक दंडाच्या पावत्या होत्या.

“रशीदभाई, ते चलन न्हाई वो!” अण्णा ओरडले. “रुपयाचं चलन, रुपयाचं!”

“रुपये काच है ये, दो हजार रुपये का!”

सभागृह हसण्यात बुडाले. माझे कान तापले. पण चूक त्यांची नव्हती. आपल्या भाषेत बँकेत भरायच्या कागदालाही चलन म्हणतात आणि देशाच्या पैशालाही. इतकी वर्षे तो शब्द फळ्यावर लिहूनही माझ्या लक्षात आले नव्हते, की ऐकणाऱ्याला तो आधी दंडाची आठवण करून देईल.

रशीदभाई मात्र उठून गेले नाहीत. शेवटी त्यांनीच प्रश्न विचारला : “सरकार कने छापखाना है. कर्जा हुआ तो छाप के देना. कायको रोना?” मी परकीय गंगाजळी, चालू खात्यावरील तूट, व्यवहारतोल असे सगळे सांगितले. वैद्याने आजाराचे संस्कृत नाव सांगितल्यावर मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली आणि बाजूच्या माणसाला विचारले, “चाय है ना?”

चहा होता, आणि सुसलाही होता. चुरमुरे भिजवून फोडणीला घातलेला हा पदार्थ आपल्याकडच्या फोडणीच्या पोह्यांसारखा दिसतो. जिभेवर मात्र मिरची आधी पोहोचते. तो खात असताना अण्णांची मुलगी शोभा जवळ आली. वय तिशीच्या आत, गावच्या सरकारी शाळेत गणित शिकवते.

“सर, एक विचारायचंय. भाषणातलं न्हाई, खरंखुरं.”

तिने फोनवर एक पत्र दाखवले. समुद्रातल्या बेटांचा एक लहानसा देश आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या शाळेने तिला दोन वर्षांसाठी नेमले होते. राहायला जागा, वर पगार. सही करून कागद शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

“तिप्पट पगार हाय,” अण्णा म्हणाले. “मी फोनवर त्यांच्या पैशाचा भाव बघून गुणलं की.”

“मी तुमचा लेख वाचलाय,” शोभा म्हणाली. “त्याच्यात ज्या देशांचं लिव्हलंय, त्याच्यातलाच हा एक देश हाय. मग सांगा, जाऊ का नको?”

परीक्षेसाठी मला हजारो विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले होते. उत्तर ऐकून आयुष्याची दोन वर्षे ठरवणार आहे, असे कोणी कधी विचारले नव्हते. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

हळ्ळीखेड (बी), येळवस

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. आमच्या घरी अमावास्येला नवे काम सुरू करीत नाहीत. इथे मात्र या मार्गशीर्षातल्या अमावास्येची वर्षभर वाट पाहतात. तिला येळवस म्हणतात. सकाळपासून गावातून डोक्यावर डेरे, कडेवर मुले घेऊन माणसे शेतांकडे निघाली होती. दुपारी गावात कुत्री आणि मी, एवढेच उरलो असतो. मला अण्णांनी मोटरसायकलवर बसवून नेले. वाटेत मी भाषणाची पाने शोधू लागलो तेव्हा ते म्हणाले, “सर, आज कोणी ऐकायचं न्हाई, आज नुसतं खायचं.”

शेतात तूर काढणीला आली होती. शेंगा वाऱ्याने एकमेकींवर घासून बारीक वाजत होत्या. हरभरा गुडघ्याच्याही खाली, त्याच्यापलीकडे हुरड्यात आलेली ज्वारी. बांधाजवळ कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाली, अंबील शिंपडली, आणि मग पंगत. भज्जी म्हटल्यावर मी तळलेल्या पदार्थाची अपेक्षा केली. समोर आली ती तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली दाट हिरवी भाजी. शब्दांनी मला दोन दिवसांत दुसऱ्यांदा फसवले होते. या वेळी मी तक्रार केली नाही, तीनदा वाढून घेतले.

खोपीच्या सावलीत शोभाचे आजोबा बसले होते. वय शहाऐंशी, सगळे गाव त्यांना अप्पा म्हणते. कानांनी कमी ऐकतात, म्हणून शोभाने पत्राची हकीकत त्यांना मोठ्याने सांगितली. शेजारच्या दोन शेतांनीही ती ऐकली असावी. अप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

“पगार कशात? हाली का कलदार?”

“अप्पा, आता कुठलं हाली, कुठलं कलदार!” शोभा हसली.

मी हातातला ज्वारीचा उंडा पानात ठेवला. आदल्या दिवशी सतरा पानांत मला जे विचारता आले नव्हते, ते अप्पांनी पाच शब्दांत विचारले होते.

वाचकांना सांगायला हवे : हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा रुपया वेगळा होता. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजांच्या मुलखातला, यंत्रावर पाडलेला रुपया म्हणजे कलदार. सात हालींना सहा कलदार, असा सरकारी भाव. राज्य विलीन झाल्यावर काही वर्षांनी हाली बंद झाला. हाली या शब्दाचा अर्थ ‘सध्याचा, चालू’ असा आहे. पैसा चालेनासा झाला तरी नाव चालू राहिले. या घरात अजूनही पक्क्या माणसाला कलदार म्हणतात, आणि निवडणुकीच्या वेळच्या आश्वासनाला हाली.

“माझ्या बापाचं गाणगापुरात दुकान होतं,” अप्पा सांगू लागले. “खडावा, जपमाळा, उदबत्ती. माल सोलापूरचा. सोलापूर म्हंजे इंग्रजाचं. तिथला व्यापारी उधारी द्यायचा, पर फेडायची कलदारात. आन् आमचं गिऱ्हाईक? निम्मं महाराष्ट्राकडचं, ते कलदार द्यायचं. निम्मं आपल्या गावचं, ते हाली. एका साली पटकीची साथ आली. तिकडचे लोक आलेच न्हाईत. दुकानात हालीचा ढीग, आन् सोलापूरवाला दारात.”

“मग हाली देऊन कलदार घ्यायचे ना, सात देऊन सहा?” मी विचारले.

“तो सरकारी भाव वो! सराफाकडं जावा. तो म्हणायचा, कलदार हायत कुठं? आठ दे. नऊ दे. त्यो वरचा जो कापायचा, त्याला बट्टा म्हणायचे.”

पुढचे मी सांगितले, आणि सांगताना पिशवीतल्या पानांची आठवणही झाली नाही. शोभाच्या त्या देशात तांदूळ, औषध, डिझेल, सगळे जहाजाने बाहेरून येते, आणि ते डॉलर मोजून घ्यावे लागते. पूल आणि विमानतळ बांधायला त्याने कर्ज काढले, तेही डॉलरमध्ये. डॉलर मिळवायची वाट एकच : बाहेरून येणारे पर्यटक. एखादे वर्ष ते कमी आले, तरी कर्जाचा हप्ता कमी होत नाही. साठवलेले डॉलर संपू लागतात. सरकार आपल्या पैशाचा भाव जुनाच धरून बसते, कारण तो पाडला तर तेच कर्ज आपल्या पैशात आणखी मोठे होते आणि तांदूळही महागतो. मग बँकेच्या फलकावर एक भाव दिसतो. पण त्या भावाने डॉलर मागायला गेले की खिडकीतला माणूस म्हणतो, नाहीत.

“म्हंजे बट्टा चढलाय,” अप्पा म्हणाले.

“हो.”

“मग एवढं सांगायला काल सतरा पानं कामून लागली वो?”

अण्णा मनापासून हसले. मीही हसलो. रशीदभाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्यापाशी होते : सरकारचा छापखाना हालीचा असतो, कलदारचा नसतो. हाली जास्त छापले तर कर्ज फिटत नाही, बट्टा तेवढा वाढतो. पगाराचा आकडा तोच राहतो, आणि त्याच आकड्यात महिन्याऐवजी तीन आठवडे निघतात. पुढे पेट्रोलच्या रांगा लागतात, औषधाच्या दुकानातली फडताळे रिकामी होतात. आपल्या देशालाही एक्क्याण्णव साली बाहेरची देणी भागवायला सोने गहाण ठेवावे लागले होते. अण्णांनी तिथूनच रशीदभाईंना फोन लावून छापखान्याचे वाक्य ऐकवले. पलीकडून आवाज आला तो आम्हा सर्वांना ऐकू गेला : “अरे, तो ये कल बोलना था ना!”

शोभा मात्र हसत नव्हती. “म्हंजे बाबांनी फोनवर बघून जे गुणलं, त्ये खोटं?”

“खोटे नाही. तो सात-सहाचा भाव आहे. तुम्हाला प्रत्यक्षात किती मिळेल, ते बँक महिन्याला किती डॉलर पाठवू देते यावर आहे.”

“मग जायचंच कशाला?” अण्णांनी क्षणात बाजू बदलली. “हिथं काय वाईट चाललंय?”

“हिथं मी अतिथी शिक्षिका हाय, बाबा.” ती शांतपणे म्हणाली. “सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात नोकरी संपती, दर जूनला परत बोलावतेत का न्हाई बघत बसायचं. माझ्याच गावात मी पाव्हणी. तिथं परकी असले तरी कागदावर शिक्षिका असं लिव्हलंय.” मग माझ्याकडे वळून : “सर, तुम्ही सांगा.”

मी म्हणालो, एका बाजूने पाहिले तर अनुभव मोठा आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर...

“शिकल्याल्या माणसाचं हेच अवघड हाय,” अप्पा म्हणाले. “दोन्ही बाजू सांगतो आन् मधी बसतो. येक सांगा.”

पिशवीतली खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि बोललो. “विचारल्याशिवाय सही करू नका. पगार कशात देणार, आणि त्यातला किती डॉलर करून घरी पाठवता येईल, हे दोन प्रश्न आजच लिहून विचारा.”

“आन् अशी खोड काढणारी बाई नको म्हणून त्यांनी दुसरीला घेतलं तर?” शोभाने विचारले.

तसे झाले असते, तर तिची सहा वर्षांतली एक संधी माझ्या एका वाक्याने गेली असती. शोभा उठली, फोनला जिथे रेंज मिळते त्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ लिहीत होती. परत येऊन म्हणाली, “दोन न्हाई, तीन प्रश्न विचारले. दोन वर्षांच्या जागी एक वर्षाचा करार चालेल का, ते मी माझ्या मनानं घातलं.”

गाणगापूर, शनिवार

येळवशीनंतर अप्पा दरवर्षी गाणगापूरला जातात, आणि मला गाणगापूर रोड स्थानकावरून संध्याकाळची गाडी पकडायची होती. म्हणून शोभा, अप्पा आणि मी एकाच जीपने निघालो. गुलबर्ग्यापर्यंत शोभाने फोन हातात धरला होता. पुढे तिने तो पिशवीत टाकला, आणि दर दहा मिनिटांनी पिशवी उघडली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. तुरीची शेते सरत नव्हती.

गावात शिरल्यावर मात्र एकदम कोल्हापूर-सांगलीत आल्यासारखे वाटले. पाट्या कन्नडमध्ये, आणि रस्त्यावरची प्रत्येक हाक मराठीत : “या काका, खोली आहे, गरम पाणी आहे, अभिषेक करायचा का?” दुपारची मधुकरीची वेळ होती. आपल्याकडे ज्यांच्या दारात दोन मोटारी असतात अशी माणसे इथे झोळी घेऊन पाच घरांपुढे उभी राहतात, आणि गावातली घरेही कुणाला रिकामे पाठवत नाहीत. मीही झोळी धरली. एका बाईंनी अर्धी भाकरी घालत विचारले, “पहिल्यांदाच मागताय व्हय? हात पुढं करा की जरा.”

अप्पांच्या वडिलांचे दुकान देवळाच्या वाटेवर आहे. आता ते त्यांच्या चुलतभावाच्या नातवाकडे, गुरुनाथकडे आहे. दर्शनी भागात फोनवरून पैसे घेण्याचा चौकोनी कागदी शिक्का चिकटवलेला, बाजूला प्लॅस्टिकच्या डब्यांत जपमाळा. अप्पा सरळ आत गेले आणि जुना लाकडी गल्ला बाहेर ओढला. त्याला दोन खण होते. डाव्यात सुटी नाणी, उजव्यात काड्यापेट्या आणि एक चष्मा.

“डावा हालीचा, उजवा कलदारचा,” अप्पा म्हणाले. “त्या पटकीच्या सालापासनं बापानं हा नेम केला. घरचं मीठ-मिरची, गड्याची मजुरी, सगळं डाव्यातनं. उजव्याला हात लावायचा न्हाई. सोलापूरचं देणं तेवढं उजव्यातनं.”

“पण हाली घेणंच बंद का केलं नाही?” मी विचारले.

अप्पांनी माझ्याकडे काहीशा कीवेने पाहिले. “गावचं गिऱ्हाईक सोडून दुकान चालतंय व्हय? हाली घ्यायचाच. कलदार समजून घ्यायचा न्हाई, एवढंच.”

मी वर्गात चांगला पैसा आणि वाईट पैसा यांचा नियम कितीदा शिकवला होता. बाजारात वाईट पैसा फिरतो आणि चांगला पेटीत जातो. तो नियम लोकांच्या लोभाचे उदाहरण म्हणून मी सांगत असे. या गल्ल्यात तो एका घराची खबरदारी म्हणून समोर होता.

शोभाच्या पिशवीत फोन वाजला तेव्हा गुरुनाथ आम्हाला चहा देत होता. तिने उत्तर उभ्यानेच वाचले, मग आम्हाला वाचून दाखवले. पगार तिथल्याच पैशात मिळेल, त्यात बदल नाही. बँक दरमहा ठरावीक डॉलरच बाहेर पाठवू देते, आणि तो आकडा बराच लहान होता. एक वर्षाचा करार चालेल. मात्र मग परतीचे तिकीट शाळा देणार नाही. सही संध्याकाळी सहापर्यंत.

तिने काड्यापेटीच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब केला. घरी पोहोचणारी रक्कम तिच्या आताच्या पगाराइतकीही भरत नव्हती. परतीच्या तिकिटाचा भुर्दंड माझ्या सल्ल्यामुळे पडला होता, हे मी तिला म्हणालो.

“तिसरा प्रश्न माझा होता, सर,” ती म्हणाली. “तुमच्या दोन्हीची उत्तरं आली न्हवं?”

मग ती गल्ल्याच्या दोन खणांकडे पाहत राहिली. “तिप्पट न्हाई, हे कळलं. खाणं-पिणं डाव्या खणातनं. उजव्यात हे एवढंच पडंल, ते तिकिटाला राखायचं. तिप्पट समजून गेले असते तर रडले असते. येक वर्ष जाऊन येते.”

“जा,” अप्पा म्हणाले. त्यांना सगळे ऐकू आले होते की नाही, कोण जाणे.

देवळाच्या पायऱ्यांवर बसून तिने सही केलेला कागद पाठवला. तेव्हा पाच वाजून गेले होते. मला स्टेशनवर पोहोचवणारी जीप आली. अप्पांनी माझ्या हातात जपमाळ ठेवली आणि पैसे घेऊ दिले नाहीत. गाडीत मी सतरा पाने काढून वाचली. त्यांत चूक काही नव्हती. तरीही पुण्यापर्यंत मला एकच गोष्ट टोचत होती : शोभाने ‘जाऊ का नको’ असे विचारले होते, आणि त्याचे उत्तर मी शेवटपर्यंत दिले नव्हते.

जाता जाता

या प्रवासाचे टिपण मी अनेक महिने अर्धवट ठेवले होते. गेल्या आठवड्यात शोभाने त्या बेटावरून आपल्या आवाजात एक निरोप पाठवला. मागे समुद्राचा आवाज आहे, म्हणून मी तो तीनदा ऐकला. शाळा बरी आहे, मुले गणिताला घाबरतात, तांदूळ महाग आहे. शेवटचे तिच्याच शब्दांत देतो :

“काल नारळ घ्यायला दुकानात गेले, सर. दुकानदारानं नारळ दिला न्हाई आधी. माझ्या तोंडाकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, आन् त्याच्या भाषेत कायतरी विचारलं. मला त्यांची भाषा अजून येत न्हाई. पर प्रश्न कळला.”